घोड्याचा वैद्य आधीं, घोडा मागाहून

मार्गशीर्ष महिना सरत आला कीं मराठवाड्याच्या वाटा लोहा तालुक्यांतील माळेगांवाकडे वळतात. निमित्त खंडोबाच्या यात्रेचें. परंतु तेथील जनावरांचा बाजार हेंच यात्रेचें अर्धें वैभव, असें म्हटल्यानें देव रागावेल असें आम्हांस वाटत नाहीं, कारण तो स्वतःच घोड्यावर बसणारा देव आहे. लातूरकडील कुटुंबें त्याच अमावास्येस शेतावर येळवस साजरी करतात आणि भज्जी-आंबिलीचा समाचार घेऊन मग माळेगांव गांठतात. त्या बाजारांत घोडी घेणारा गृहस्थ काय काय पाहतो! दांत पाहून वय ठरवितो, कपाळावरचे व छातीवरचे भोंवरे तपासतो, चारहि पाय नि तोंड पांढरें असेल तर ‘पंचकल्याणी’ म्हणून चार पैसे अधिक मोजतो, चाल पाहण्यासाठीं तिला दोनदां दौडवितो. इतकी परीक्षा होऊन घोडी दारीं येते, सुवासिनी तिच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकूं लागतें, आणि पंधरवड्यानें एखाद्या रात्रीं ती जमिनीवर पडून लोळूं लागली, म्हणजे ओसरीवरून प्रश्न निघतो, “अहो, आपल्या भागांत घोड्यांचा डॉक्टर कोण आहे?”

अहमदपूरकडील एका भगिनीनें हाच प्रश्न आम्हांस वेळेवर, म्हणजे घोडी धडधाकट असतां, विचारला आहे. तिच्या घरीं देवणी गाई-बैल मिळून सात, चार शेळ्या, एक कुत्रा आणि यंदा धाकट्या भाऊजींनीं हौसेनें आणलेली मारवाडी घोडी. ती लिहिते, “गुरांना ज्यांना बोलावितों तेच घोडीला चालतील, कीं तिच्यासाठीं निराळा डॉक्टर पाहावा? घरांत प्रत्येकाचें मत निराळें.” या शेवटच्या वाक्यांत निम्मी अडचण आहे, तिच्याकडे पुढें येऊं. आधीं घोडीकडे पाहूं.

घोडा म्हणजे शिंगें नसलेली मोठी गाय, असा समज आपल्याकडे बोलून दाखवीत नसले तरी पाळतात मात्र पुष्कळ. गोठा एक, दावण एक, म्हणून वैद्य एक आणि औषधाची बाटलीहि एक! वास्तविक घोड्याचें पोट निराळें, त्याचे रोग निराळे, आणि त्याला जें विष होतें तेंहि निराळें. गाईला चार कप्प्यांचें पोट. खाल्लेलें ती तोंडांत परत आणून रवंथ करते. घोड्याला साधें एकच पोट, तेंहि देहाच्या मानानें लहान, आणि त्याच्या तोंडाशीं असलेला स्नायूचा वळसा इतका घट्ट, कीं घोड्याला ओकतां येत नाहीं. दाणा जड झाला, बुरसटलेल्या कडब्यानें वायु धरला किंवा आंतड्याला पीळ पडला, तर आंतलें बाहेर पडण्यास ती वाट बंद असते. हाच घोड्याचा पोटशूळ. पुढच्या पायानें जमीन उकरणें, मान वळवून कुशीकडे पाहणें, वरचा ओंठ उलटविणें, घाम सुटणें, बसणें-उठणें आणि अखेर लोळणें, हा त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो.

अशा वेळीं आपल्या घरांतून पहिला उपाय निघतो तो ओंवा, हिंग आणि गोडें तेल यांचा. बैलाला बांबूच्या नळकांड्यानें औषध पाजण्याची संवय असलेला गडी तीच नळी घोड्याच्या तोंडांत घालतो आणि मान उंच धरून तेल ओततो. तें तेल श्वासनलिकेंत उतरलें तर पोटशूळ राहतो बाजूला, आणि घोडें फुप्फुसाच्या दाहानें जातें. जाणता पशुवैद्य नाकपुडींतून लांब, मऊ नळी हळूहळू पोटांत उतरवितो. कोंडलेला वायु व पाणी तिनें बाहेर काढतो आणि मग लागेल तें औषध त्याच नळीनें आंत सोडतो. खांद्यापर्यंत मोजा चढवून, गुदद्वारांतून हात घालून आंतडीं चाचपतो आणि औषधावर भागेल कीं शस्त्रक्रियेसाठीं न्यावें लागेल, याचा निर्णय सांगतो. हीं दोन्ही कामें हाताच्या संवयीचीं आहेत, पुस्तकाचीं नव्हेत. ज्यानें तीं पूर्वीं केलेलीं नाहींत त्यानें त्यांचा श्रीगणेशा मध्यरात्रीं कंदिलाच्या उजेडांत आपल्या घोडीवर करूं नये, एवढीच इच्छा घोडीच्या वतीनें आम्ही व्यक्त करतों.

औषधांचें तर याहून नाजूक आहे. गोचीड मारण्यासाठीं गुरांच्या अंगाला जें अमिट्राझ लावतात, त्यानें घोड्याच्या आंतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ उठतो. कोंबड्यांच्या व कांहीं गुरांच्या तयार खाद्यांत मोनेन्सिन नांवाचें द्रव्य असतें; गाय तें पचविते, परंतु त्याच्या थोड्याशा मात्रेनेंहि घोड्याच्या हृदयाच्या स्नायूंस इजा होऊन तो दगावूं शकतो. म्हणजे दुभत्या गाईच्या पुढची पेंड प्रेमानें घोडीला घालणारें मूलहि तिचा घात करूं शकतें. आपला डॉक्टर घोड्याचा आहे कीं नाहीं, हें पारखावयाचें असेल तर सहज बोलतां बोलतां विचारावें, “गाईंच्या गोचिडांचें औषध घोडीला लावलें तर चालेल ना?” लगेच “चालेल, चालेल” म्हणणारा गृहस्थ आपल्या गुरांसाठीं ठेवावा, घोडीसाठीं दुसरा पाहावा.

उलट दिशेनेंहि पाहावें लागतें. लाळ्या-खुरकुताची सांथ आली, कीं घोडीलाहि लस टोंचा म्हणून घरची मंडळी मागें लागतात. पण तो रोग दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा, एकसंध टापेच्या घोड्याला तो होत नाहीं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण अशाच कोणा पाहणाऱ्यानें रचली असावी. धनुर्वाताचें मात्र याच्या अगदीं उलट. पाळीव जनावरांत धनुर्वाताला घोड्याइतकें लवकर बळी पडणारें दुसरें जनावर नाहीं. टापेंत शिरलेला एक खिळा त्याला पुरतो. म्हणून त्याची लस आधीं टोंचून ठेवावी, ठरल्या मुदतीनें ती पुन्हां द्यावी, आणि गाभण घोडीला विण्याच्या सुमारें महिनाभर आधीं द्यावी. घोडी अकरा महिन्यांनीं विते. तेवढ्या अवधींत ज्यानें लसीची आठवणहि काढली नाहीं, त्याला आपला डॉक्टर म्हणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

चावऱ्या माश्यांपासून होणारा ‘सरा’ हा आणखी एक रोग. त्याचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें १८८० मध्यें डेरा इस्माईल खान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत प्रथम पाहिले. यांतली गोम अशी, कीं म्हैस किंवा बैल पुष्कळदां हे जंतु अंगांत बाळगूनहि चांगले दिसतात, आणि शेजारीं बांधलेली घोडी मात्र तापानें झिजत जाते; पोटाखालीं व पायांवर सूज येते, खाणें चालू असून हाडें वर येतात. घरचे लोक दृष्ट काढतात. डॉक्टरनें काढावयाचें असतें तें रक्त, आणि पाहावयाचें असतें सूक्ष्मदर्शकाखालीं. म्हणून दवाखान्यांत पाऊल टाकल्यावर औषधांच्या कपाटांपेक्षां सूक्ष्मदर्शक आहे कां, आणि असल्यास त्यावर धूळ किती आहे, हें आधीं पाहावें.

बाजारांतून आणलेल्या घोड्यासंबंधीं सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे ग्लँडर्स. नाकांतून चिकट स्राव, नाकाच्या आंत व्रण, पायांवर नि अंगावर ओळीनें उठणाऱ्या व फुटणाऱ्या गांठी, अशीं त्याचीं लक्षणें. पण कांहीं घोड्यांत तीं महिनोन् महिने दिसतच नाहींत. त्यावर लस नाहीं. हा रोग माणसालाहि होतो, आणि झाल्यास जिवावर बेततो. महाराष्ट्रांतहि २००६ मध्यें तो पुन्हां आढळला होता. रक्ताच्या तपासणींत रोग ठरला तर त्या घोड्यावर उपचार करीत नाहींत. २००९ च्या कायद्यान्वयें त्याचा वेदनारहित अंत करून मालकास नुकसानभरपाई देतात. या तपासणीचा शेवटचा निर्णय हरियाणांतील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे असतो, आणि रक्ताचा नमुना शासकीय पशुवैद्यामार्फत तेथें पोहोंचवितां येतो. माळेगांवीं पैसे मोजण्यापूर्वीं विकणाऱ्याकडे या तपासणीचा कागद मागावा. कागद नसेल, तर नव्या घोड्याला निदान निकाल येईपर्यंत निराळ्या जागीं, निराळ्या बादलीनें नि निराळ्या खराऱ्यानें ठेवावें, आणि मुलांना त्याच्या तोंडाशीं तोंड नेऊं देऊं नये. ज्यांच्या सल्ल्यानें हें सारें करावयाचें ते डॉक्टर घोडा घेण्यापूर्वींच ठरलेले असले पाहिजेत, हें या लेखाच्या मथळ्याचें कारण.

आतां असा डॉक्टर दुर्मिळ कां, याचें उत्तर त्यांच्या शिक्षणांत नसून आपल्या इतिहासांत आहे. या भागाला घोडा परका नव्हे. १७०८ मध्यें गुरु गोविंदसिंगांनीं नांदेडास देह ठेविला; त्यांच्या घोड्यांची परंपरा सांगणारे घोडे हुजूर साहिबांच्या तबेल्यांत आजहि सांभाळले जातात आणि दसऱ्याच्या व होळीच्या मिरवणुकींत मानानें पुढें असतात. घोड्याच्या वैद्याला जुन्या काळीं सालोत्री म्हणत. अश्वचिकित्सेचा प्राचीन आचार्य शालिहोत्र याच्या नांवावरून तो शब्द आला. परदेशांतहि हेंच. फ्रान्समधील लियों येथें १७६२ मध्यें पहिली पशुवैद्यक शाळा काढणारा क्लोद बुर्जला हा मूळचा अश्वविद्येचा शिक्षक होता. मुंबईस परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्यें सुरू झालें, तेव्हां शहरांतल्या गाड्या घोडेच ओढीत होते. पुढें मोटार आली, ट्राम विजेवर चालूं लागली, मागाहून नांदेड-लातूरचे टांगेहि गेले. घोडा कमी झाला तसा त्याचा जाणताहि कमी झाला. परभणीचें पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ मध्यें व उदगीरचें १९८७ मध्यें निघालें; दोन्ही आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखालीं आहेत. तेथील मुलांस घोडा शिकवितात, नाहीं असें नाहीं. परंतु बाहेर पडल्यावर त्यांच्या दारीं दिवसभर येतात त्या गाई, म्हशी, शेळ्या आणि आतां शहरांतलीं कुत्रीं. म्हणून डॉक्टरास पदवीबरोबरच आणखी एक विचारावें : वर्षांत घोडे किती पाहतां? हा प्रश्न अपमानाचा नाहीं. जो प्रामाणिक असेल तो आंकडा सांगेल, आणि आंकडा लहान असेल तर ज्याचा मोठा आहे त्याचें नांवहि सांगेल.

पदवीसंबंधीं मात्र संकोच नको. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९८४ च्या कायद्यान्वयें पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार पदवीधर व नोंदणीकृत माणसाचा आहे. आपल्या राज्याची परिषद नागपुरास आहे, आणि नोंदणीचा क्रमांक विचारल्यास डॉक्टरला राग येण्याचें कारण नाहीं. पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षकांस लस टोंचणें, जखम बांधणें, खच्चीकरण यांसारखीं किरकोळ कामें नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीं करण्याची मोकळीक शासन देऊं शकतें. सरकारी दवाखान्यांत श्रेणी एक व श्रेणी दोन अशी विभागणी चालत आलेली आहे : पहिल्या ठिकाणीं पदवीधर पशुधन विकास अधिकारी, दुसऱ्या ठिकाणीं बहुधा पर्यवेक्षक. अलीकडे या व्यवस्थेंत फेरबदल होत असल्यानें पाटी वाचण्यापेक्षां आंत कोण बसतें तें विचारणें बरें. गांवोगांव फटफटीवरून फिरणारा कृत्रिम रेतनाचा कार्यकर्ता हा तिसरा. तो गरजेचा आहे, कामसू असतो, हांक मारली कीं येतो. आणि येतो म्हणूनच लोक त्याच्याकडून सुईहि टोंचून घेतात. त्याच्या पिशवींतल्या प्रतिजैविकाची मात्रा कोणीं ठरविली, हें मात्र कोणी विचारीत नाहीं.

जुन्या जाणत्यांची आम्ही येथें हेटाळणी करीत नाहीं. चांगला नालबंद टापेचा आवाज ऐकून लंगडें कोणत्या पायावर आहे तें सांगतो, आणि पुष्कळ तरुण डॉक्टर त्याच्याकडून शिकतात. घोडीच्या डॉक्टरनें “तुमचा नालबंद कोण?” असें आपण होऊन विचारलें तर तो माणूस आम्हांस आवडेल. परंतु टाप हें त्याचें राज्य, पोट नव्हे.

डॉक्टर पारखण्याची उत्तम वेळ म्हणजे जनावरें चांगलीं असतांना. पावसाळ्यापूर्वीं एकदां, सगळा गोठा दाखविण्यासाठीं, ठरलेली फी देऊन त्यांना घरीं बोलवावें आणि बाजूला उभें राहून नुसतें पाहावें. ते (आणि आतां पुष्कळ ठिकाणीं त्या, कारण या विद्येंत मुली मोठ्या संख्येनें येत आहेत) घोडीजवळ कोणत्या बाजूनें जातात? आधीं तिच्या मानेवर हात ठेवतात, कीं सरळ सुई काढतात? नाडी मोजतात कां? दांतांच्या कडा बोटानें चाचपतात कां? कारण त्यांना धार आली तर घोडें दाणा अर्धवट चघळून टाकतें आणि घरचे म्हणतात, खातें पण अंगीं लागत नाहीं. लीद विचारतात कां, पाणी किती पितें तें विचारतात कां? लिहून ठेवतात कां? ज्यांनीं जनावराला हात न लावतां, अंगणांतूनच औषधांची यादी दिली, त्यांस चहा पाजून नमस्कार करावा. आम्हांला ज्या गुणाचें सर्वांत मोल वाटतें तो मात्र पहिल्या भेटींत दिसत नाहीं : “हें माझ्या आवांक्यांतलें नाहीं, उदगीरला घेऊन जा,” असें वेळेवर म्हणणें. याविषयीं त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांकडेच चौकशी केली पाहिजे. गावांत कोणाचें जनावर वांचलें हें सगळेच सांगतात. आपण विचारावें तें हें, कीं गेलें तेव्हां डॉक्टर काय म्हणाले होते.

आतां त्या भगिनीचें शेवटचें वाक्य. एकत्र कुटुंबांत घोडी एकाची, पैसा दुसऱ्याचा, चारा तिसऱ्याच्या शेतांतला आणि खरी देखभाल करणारी व्यक्ति चौथीच, बहुधा घरांतली एखादी स्त्री किंवा गडी. डॉक्टर आले कीं ओसरीवर बसलेले कर्ते पुरुष दुखण्याची हकीकत सांगतात. आणि जिनें पहाटे गव्हाण झाडतांना कालचा दाणा तसाच पडलेला पाहिला ती मागच्या दारांत उभी असते. तिला पुढें बोलावून विचारणारा डॉक्टर निम्मा रोग तेथेंच ओळखतो. नच विचारील तर आपण विचारण्यास लावावें. हा शिष्टाचाराचा भंग नव्हे.

निर्णयाचें तर याहून कठीण. आमच्या माहितींतल्या एका घरीं घोडीला सायंकाळीं सातला पोटशूळ उठला. मालकी धाकट्याची, पण मोठ्या रकमेचा शब्द वडील बंधूंचा, आणि ते लग्नकार्यासाठीं परगांवीं. “दादांना विचारल्याशिवाय मोठा डॉक्टर कसा बोलवावा?” दादांचा दूरध्वनि लागेना. मधल्या वेळांत एकानें तेल सुचविलें, एकानें फिरवून आणलें, एकानें जवळच्याच कोणाकडून सुई देवविली आणि घोडी थोडी शांत झाली, म्हणून सगळे जेवावयास बसले. सुईनें दुखणें झांकलें होतें, गेलें नव्हतें. रात्रीं अकराला दादांचा होकार आला, डॉक्टर दोनला पोहोंचले, आणि घोडी चारला गेली. तिचें महिन्याचें शिंगरूं पुढें त्या घरच्या आजींनीं शेळीच्या दुधावर वाढविलें. दादांना कोणीं विचारलेंच नसतें तर ते रागावले असते कां, असें त्यांनाच पुढें विचारलें तेव्हां ते कांहीं बोलले नाहींत.

म्हणून डॉक्टर ठरवितांना घरांतल्या घरांत आणखी दोन गोष्टी ठरवाव्यात : कोणाच्याहि होकाराची वाट न पाहतां किती रुपयांपर्यंत खर्च करावयाचा, आणि त्या वेळीं घरीं असलेल्यांपैकीं शब्द कोणाचा चालेल. पाय मोडला किंवा आंतडें फुटलें, आणि डॉक्टर म्हणाले कीं आतां हिला सोडवावें हेंच बरें, तर तो शब्द कोण देणार, हेंहि त्यांतच आलें. आपल्या घरांतून हा विषय निघत नाहीं. निघाला कीं कोणी तरी “शुभ बोल” म्हणतें. जनावर मात्र तोंवर तडफडत असतें. हें ठरलेलें सारें कागदावर लिहून गोठ्याच्या भिंतीला लावावें. त्याच कागदावर निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१.५ अंश, हेहि आंकडे असावेत; गाईची नाडी ४८ ते ८४, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जबड्याच्या खालच्या कडेस बोट धरलें कीं घोड्याची नाडी लागते. घरांतल्या शाळकरी मुलालाहि ती मोजतां येते आणि त्याला त्याचा फार अभिमान वाटतो. पोट दुखत असतां नाडी साठाच्या वर टिकून राहिली, तर हा कागद वाचीत बसूं नये, डॉक्टरना बोलवावें. ते येईतों दाणा-चारा काढून घ्यावा आणि तोंडानें कांहीं पाजूं नये.

गुरांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांचे जाणते या दोन जिल्ह्यांत उणे नाहींत. देवणी नि लाल कंधारी हें या भागाचें स्वतःचें धन. म्हणून रेतनासाठीं येणाऱ्यास कोणत्या वळूची कांडी आणली आहे तें आधीं विचारावें आणि देवणीला देवणीच, कंधारीला कंधारीच असा आग्रह धरावा. ज्या डॉक्टरला वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणीचे तीन प्रकार ओळखतां येत नाहींत, त्यानें या भागांत थोडें फिरावयास हवें. प्रतिजैविकाची सुई दिल्यावर दूध किती दिवस काढून टाकावयाचें, हें जो न विचारतां सांगतो तो आपल्या मुलांचाहि वैद्य आहे. गाय गाभटली, वार अडकली, तर घरच्या बाया उघड्या हातांनीं मदतीस धांवतात. सांसर्गिक गर्भपाताचे जंतु त्याच मार्गानें माणसांत येतात आणि महिनोन् महिने उलटसुलट ताप देतात. मोजे घालावेत, आणि कालवडींस चौथ्या ते आठव्या महिन्यांत त्याची लस टोंचून घ्यावी. तसेंच लाळ गाळणाऱ्या, गिळतां न येणाऱ्या गाईच्या किंवा घोडीच्या घशांत कांहीं अडकलें असेल म्हणून हात घालूं नये. तें पिसाळणें असूं शकतें. हात घालणाऱ्यास त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत नेणें भाग आहे.

राहिली अंतराची गोष्ट. मुखेड, देगलूर, कंधार, अहमदपूर, चाकूर, जळकोट, देवणी येथील कुटुंबांनीं मोठ्या दुखण्यासाठीं उदगीरच्या महाविद्यालयाचा चिकित्सालय-विभाग डोळ्यांपुढें ठेवावा. नांदेड शहर व अर्धापूर येथील लोकांना परभणी सोयीची. किनवट-माहूरकडच्यांना दोन्ही दूर. त्यांनीं जवळचा डॉक्टर अधिकच पारखून घ्यावा आणि वाट लवकर धरावी. शासनाचीं फिरतीं पथकें १९६२ या क्रमांकावर बोलावितां येतात, गुरांसाठीं तीं उपयोगीं पडतात. पण पोटशूळाच्या रात्रीं त्यांच्यावरच विसंबून राहूं नये. आणि डॉक्टर ठरला त्याच दिवशीं टेंपोवालाहि ठरवावा. त्याच्या गाडीची फळी घोडीच्या वजनाला टिकते कां, तिच्यावर पोतें किंवा माती पसरतां येते कां, हें दिवसाउजेडीं पाहून घ्यावें, आणि घोडीला खाऊ दाखवून दोन-चारदां चढवून-उतरवून संवय करावी. कधीं गाडींत न चढलेली घोडी दुखण्यांत चढत नाहीं. चार माणसें दोर ओढीत असतात आणि उदगीर तेथेंच राहतें.